एक किडनी नेमकं किती काम करते? सीटी स्कॅनवरून हे मोजतात कसं, समजून घ्या

कळवण तालुक्यात मुतखडा ही काही नवलाची गोष्ट नाही. उन्हाळ कांदा काढणीला आला की दिवसच्या दिवस उन्हात जातो. कांदा उपटायचा, पात कापायची, गोण्या भरायच्या. या गडबडीत पाणी प्यायचं राहतं आणि लघवी गडद होते. मग कधीतरी कुशीत अशी कळ येते की माणूस जागेवर बसतो. सोनोग्राफीत लिहून येतं, "डाव्या किडनीला सूज". रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल. घरचे निःश्वास टाकतात, तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, "नाशिकला जाऊन स्कॅन करून या. ही किडनी काम करते की नाही ते बघावं लागेल."

इथे गोंधळ सुरू होतो. रक्त नॉर्मल आहे तर किडनी काम करतच असणार ना? मग स्कॅन कशाला? आणि फोटो काढून एखादा अवयव किती काम करतो हे कसं काय कळतं?

हे प्रश्न वरवरचे नाहीत. याच एका आकड्यावर किडनी ठेवायची की काढायची, आईने मुलाला किडनी द्यायची की नाही, दिली तर डावी की उजवी, असे निर्णय होतात. काढलेली किडनी पुन्हा बसवता येत नाही.

क्रिएटिनिन नॉर्मल, मग भीती कशाची?

दोन्ही किडन्यांची मिळून कामाची क्षमता प्रचंड आहे. एका किडनीचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, लांबी १० ते १२ सेंटिमीटर. पण दर मिनिटाला साधारण एक लिटरहून जास्त रक्त या दोघींतून जातं. त्यातलं सुमारे १२० मिलिलिटर पाणी दर मिनिटाला गाळलं जातं. दिवसाचा हिशोब केला तर १८० लिटरच्या आसपास. त्यातलं जवळपास सगळं शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतं.

मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं, या वेगाला जीएफआर म्हणतात. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, सूत्राने जो अंदाज काढतात तो ईजीएफआर. लॅबच्या रिपोर्टवर हल्ली तो छापूनच येतो.

अडचण अशी की क्रिएटिनिन हा दोघींच्या कामाचा एकत्र हिशोब आहे. एका घरात दोन कमावती माणसं असावीत आणि आपल्याला फक्त घरात महिन्याला किती पैसे आले एवढंच कळावं, तसं. एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याने ओव्हरटाइम करून भरून काढलं, तर बाहेरून काहीच कळणार नाही. किडन्यांचंही तसंच होतं. एक बंद पडत चालली की दुसरी हळूहळू मोठी होते, जास्त काम करते. एकूण क्षमतेतली जवळपास निम्मी जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या पट्ट्यात राहू शकतो. म्हणजे डावी किडनी पूर्ण निकामी होऊनही रिपोर्टवर १.१ दिसू शकतं, आणि माणूस वर्षभर "सगळं ठीक आहे" म्हणत फिरत राहतो.

म्हणून वेगळी मोजणी लागते. डावी किती, उजवी किती. याला डॉक्टर स्प्लिट फंक्शन म्हणतात. निरोगी माणसात हे प्रमाण ५०-५० च्या आसपास असतं. ४५-५५ पर्यंतचा फरकही नॉर्मलच धरतात.

हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे

२ ऑगस्ट १८६९ या दिवशी जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन नावाच्या सर्जनने ठरवून, विचार करून एक किडनी काढली. तशी ती पहिलीच शस्त्रक्रिया मानतात. आधीच्या एका ऑपरेशनमध्ये त्या बाईंच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि लघवी सतत बाहेर झिरपत होती. त्या बाजूची किडनी काढली तर झिरपणं थांबेल, हे सिमोनला कळत होतं. पण माणूस एका किडनीवर जगतो का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, कुत्री जगली, मग ऑपरेशन केलं. त्या बाई बऱ्या झाल्या.

पण दुसरी किडनी चांगली आहे, हे सिमोनला मोजता आलं नव्हतं. तो धोका होताच. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या क्यूबातल्या होआकिन अल्बारान या डॉक्टरने दुर्बिणीला एक छोटीशी तरफ जोडली. त्या तरफेने बारीक नळी वळवून थेट मूत्रवाहिनीत घालता यायची. मग डाव्या किडनीची लघवी एका बाटलीत आणि उजवीची दुसऱ्या बाटलीत गोळा करायची. काम चोख व्हायचं, पण पेशंटचे हाल व्हायचे.

१९२९ मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये शिरेतून देता येईल असं आयोडीनचं औषध वापरून एक्स-रेवर किडन्या उजळून दाखवल्या. आपल्याकडे जुन्या पेशंटना आठवत असेल ती आयव्हीपी तपासणी याचीच मुलगी. एनिमा घ्यायचा, सुई टोचायची आणि दर काही मिनिटांनी एक्स-रे काढायचा. त्यात किडनी उजळली नाही की "किडनी काम करत नाही" असं लिहून यायचं. हे वाक्य ऐकून किती घरांत रडारड झाली असेल. खरं तर त्या फिल्मवर न दिसलेली किडनी मेलेलीच असते असं नाही. खड्याने तुंबलेली किडनी औषध इतक्या सावकाश गाळते की ते साध्या एक्स-रेवर उमटतच नाही. दिसणं आणि मोजणं यांत फरक आहे, तो असा.

मग गामा कॅमेरा आला

आज स्प्लिट फंक्शनसाठी प्रमाण मानली जाणारी तपासणी म्हणजे डीटीपीए स्कॅन, किंवा त्याच कुळातला ईसी स्कॅन. बोलीत "रेनोग्राम". टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ डीटीपीए नावाच्या रसायनाला जोडून शिरेतून देतात. किडनी ते गाळते, आणि पाठीमागे ठेवलेला गामा कॅमेरा कोणत्या बाजूने किती किरण येतात ते मोजतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला डाव्या बाजूला किती साठलं आणि उजव्या बाजूला किती, त्यावरून टक्केवारी निघते. गेट्स नावाच्या डॉक्टरची १९८२ सालची ही पद्धत अजून वापरात आहे.

ही तपासणी गल्लोगल्ली का मिळत नाही? कारण टेक्नेशियमचं अर्धायुष्य फक्त सहा तासांचं आहे. आज सकाळी भरून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पाव राहतं. त्यामुळे ते साठवत नाहीत, मॉलिब्डेनम-९९ पासून जागेवरच काढतात. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे तोही माल दर आठवड्याला नवीन लागतो. अणुऊर्जा विभागाची वाशीतली ब्रिट ही संस्था असा पुरवठा करते. वर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी, प्रशिक्षित माणसं हवीत. हा सगळा संसार मोठ्या शहरातच परवडतो. कळवण, सुरगाणा, पेठकडच्या माणसाला यासाठी नाशिक, नाहीतर थेट मुंबई-पुणे गाठावं लागतं. कळवण ते नाशिक वणी-दिंडोरीमार्गे सत्तर-ऐंशी किलोमीटर. सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार, वर तपासणीचा खर्च.

सीटी स्कॅनची मशिनं मात्र आता बऱ्याच ठिकाणी आहेत. आणि मुतखडा, गाठ किंवा किडनीदानाच्या पेशंटचा सीटी बहुतेक वेळा आधीच काढलेला असतो. मग त्याच सीटीतून कामाचाही आकडा काढता आला तर? हा विचार इथून सुरू झाला.

सीटी काय मोजतं?

सीटी म्हणजे फोटो, असं आपण धरून चालतो. पण सीटी मशीन आधी आकडे काढतं आणि मग त्या आकड्यांना करडा रंग देऊन चित्र दाखवतं. शरीराचे बारीक बारीक चौकोनी तुकडे पाडले आहेत असं समजा. प्रत्येक तुकड्याने किती एक्स-रे अडवले, याचा एक आकडा. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १०००, अशी ही मोजपट्टी आहे. तिला हाउन्सफिल्ड युनिट, थोडक्यात एचयू म्हणतात. औषध न देता काढलेल्या सीटीत किडनीचा आकडा साधारण ३० असतो.

हे नाव गॉडफ्री हाउन्सफिल्डवरून आलं. तो ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होता. पहिला पेशंट स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. ईएमआय हीच बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी, म्हणून "बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला" असा एक फॉरवर्ड फिरत असतो. कंपनी तीच, हे खरं. पण या संशोधनाच्या पैशात मोठा वाटा ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा होता.

आता आपल्या मुद्द्याकडे. कॉन्ट्रास्ट सीटीत शिरेतून आयोडीन असलेलं औषध देतात. टोचल्यावर अंगभर गरम वाटतं, तोंडाला धातूसारखी चव येते, ते हेच. आयोडीन एक्स-रे जोरात अडवतं. जिथे आयोडीन जास्त तिथे एचयू जास्त, आणि ही वाढ अगदी प्रमाणात असते. दर मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयोडीन वाढलं की नेहमीच्या सेटिंगला साधारण २५ एचयू वाढतात. म्हणजे एचयू किती वाढला यावरून तिथे आयोडीन किती पोचलं हे सांगता येतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आयोहेक्सॉलसारखी ही औषधं शरीरात कुठे मुरत नाहीत, यकृत त्यांचं काही करत नाही. किडनीची चाळणी त्यांना गाळते. पुढच्या नळ्या ती परत घेत नाहीत आणि आपल्याकडूनही भर घालत नाहीत. जेवढं गाळलं तेवढं लघवीत. जीएफआर मोजायला अगदी असाच पदार्थ हवा असतो. आयोहेक्सॉल टोचून, काही तासांनी रक्त तपासून जीएफआर मोजण्याची पद्धत काही देशांत रोजच्या वापरातही आहे.

दोन्ही एकत्र करा. किडनी जे गाळते तेच सीटीला दिसतं, आणि किती दिसतं ते आकड्यात मिळतं.

वेळेचा खेळ

औषध टोचल्यावर पंचवीस-तीस सेकंदांत किडनीची बाहेरची साल उजळते, कारण रक्त तिथे आधी पोचतं. दीड मिनिटाच्या आसपास आख्खी किडनी एकसारखी उजळते. तीन ते पाच मिनिटांत औषध किडनीच्या पोटातल्या पोकळीत आणि मग मूत्रवाहिनीत उतरायला लागतं.

मोजणीसाठी सोयीची वेळ यांच्या मधली. गाळलेलं औषध किडनीत साठलंय, पण अजून बाहेर पडलेलं नाही, अशी. पावसाचं पाणी मोजायला अंगणात दोन बादल्या ठेवल्या, तर त्या भरून वाहण्याआधीच मोजायला हव्यात, तसं. डीटीपीएमध्ये दुसरं-तिसरं मिनिट निवडतात तेही याच कारणाने.

एक भेसळ मात्र राहते. किडनीत दिसणारं सगळंच आयोडीन गाळलेलं नसतं, काही नुसतं रक्तातून फिरत असतं. ते वेगळं काढण्यासाठी एक गणिती युक्ती आहे. क्लिफर्ड पाटलाक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मेंदूच्या अभ्यासासाठी ती मांडली. थोड्या थोड्या वेळाने बरेच स्कॅन घ्यायचे, प्रत्येक वेळी किडनीतलं आणि महाधमनीतलं आयोडीन मोजायचं आणि त्यांचा आलेख काढायचा. रेषेचा चढ म्हणजे गाळण्याचा वेग, आणि रेषा जिथून सुरू होते तिथे रक्तातल्या आयोडीनचा वाटा कळतो. या पद्धतीने नुसती टक्केवारी नाही, तर प्रत्येक किडनीचा स्वतंत्र जीएफआर मिलिलिटरमध्ये मिळतो. पण पुन्हा पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा पुन्हा एक्स-रे. त्यामुळे ती संशोधनातच जास्त दिसते. रोजच्या कामाला सोपा हिशोब वापरतात.

हिशोब करून बघू

समजा एका पेशंटच्या उजव्या किडनीत काम करणारा भाग १६० मिलिलिटर आहे आणि औषधानंतर तिथला एचयू सरासरी १०० ने वाढला. गुणाकार १६,०००. डाव्या किडनीला खड्यामुळे सूज आहे. पोकळीत साठलेलं पाणी वगळून तिचा काम करणारा भाग १०० मिलिलिटर, आणि एचयूची वाढ ६०. गुणाकार ६,०००. दोन्हींची बेरीज २२,०००.

उजवी १६,००० भागिले २२,०००, म्हणजे ७३ टक्के. डावी २७ टक्के. आता रक्तावरून काढलेला एकूण ईजीएफआर ८० असेल, तर उजवीच्या वाट्याला ५८ आणि डावीच्या वाट्याला २२. एवढंच गणित आहे. सातवीतलं पोरही करेल.

खरं कष्टाचं काम गुणाकाराच्या आधी असतं. प्रत्येक चकतीवर किडनीची कड आखायची, आतलं साठलेलं पाणी वगळायचं, खडा वगळायचा, रक्तवाहिन्या वगळायच्या. खडा चुकून आत धरला तर त्याचा भलामोठा एचयू सगळी सरासरी बिघडवतो. पूर्वी हे हाताने करत. आता सॉफ्टवेअर कड आखून देतं, पण सुजलेल्या, वेड्यावाकड्या किडनीत रेडिओलॉजिस्टला ती तपासावीच लागते.

नुसता आकार मोजून भागतं का?

वरच्याच उदाहरणात एचयू सोडून फक्त आकार धरला तर? १६० आणि १००, म्हणजे डावी ३८ टक्के. प्रत्यक्षात २७. बराच फरक पडला. आजारी किडनीत उरलेला मांसल भागही पूर्ण ताकदीने काम करत नसतो, म्हणून नुसता आकार तिला जास्त मार्क देऊन टाकतो.

निरोगी माणसात मात्र ही पद्धत चांगली चालते, कारण तिथे मोठी किडनी म्हणजे जास्त काम, हे जवळपास सरळ गणित असतं. म्हणून तिचा खरा उपयोग किडनीदात्यांच्या तपासणीत झाला. दात्याची सीटी अँजिओग्राफी करावीच लागते, कोणत्या किडनीला किती रक्तवाहिन्या आहेत ते सर्जनला हवं असतं. त्याच स्कॅनवरून दोन्हींचा आकार मोजला की कामाचाही अंदाज येतो. फरक १० टक्क्यांहून जास्त दिसला तर बहुधा डीटीपीए करून खात्री करतात.

इथे एक नियम कुटुंबातल्या प्रत्येकाला माहीत असावा. दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडेच राहते, कमी काम करणारी दिली जाते. दोन्ही सारख्या असतील तर शक्यतो डावी काढतात, कारण डावीची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. "मुलाला चांगली किडनी मिळू दे, मला कसलीही चालेल" असं म्हणणाऱ्या आया आपल्याकडे कमी नाहीत. जिवंत दात्यांमध्ये बायकांचंच प्रमाण जास्त असतं. पण हा निर्णय आईच्या मायेवर सोडलेला नाही, आणि ते योग्यच आहे. दान केल्यावर उरलेली किडनी वाढते आणि आधीच्या एकूण कामाच्या साधारण दोन तृतीयांश काम एकटी उचलते. त्यासाठी ती मुळात धडधाकट हवी.

पैशाचा मुद्दाही येतोच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय राज्य सरकारने जून २०२३ मध्ये घेतला. प्रत्यारोपणाचं नाव निघालं की योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, तपासण्या नंतर सुरू करा.

सीटी कुठे फसतं?

खडा अचानक अडकून किडनी नुकतीच तुंबली असेल, तर औषध सावकाश आत येतं आणि बाहेर पडत नाही. मग उशिरा काढलेल्या स्कॅनमध्ये ती किडनी चांगल्या किडनीपेक्षा जास्त उजळलेली दिसते. वेळ न बघता कोणी एचयूचा गुणाकार केला तर तुंबलेली किडनी पहिली येईल. म्हणून हा आकडा कोणत्या मिनिटाच्या स्कॅनवरून काढला, हे विचारायला लाजू नका.

दुसरं, टक्केवारी ही फक्त वाटणी आहे. ५०-५० वाचून खूश होणारे पेशंट असतात. पण एकूण ईजीएफआर २० असेल तर ५०-५० म्हणजे दोन्हींकडे दहा-दहा. एकूण आकड्याशिवाय टक्केवारी वाचूच नये.

तिसरी अडचण कॉन्ट्रास्टचीच. किडनीचं काम मोजायला जे औषध द्यायचं, ते फार कमजोर किडनीला जपून द्यावं लागतं. त्याने किडनी खराब होते ही भीती पूर्वी फार होती. आता ती बरीच कमी झाली आहे, पण ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर डॉक्टर आजही विचार करतात, सलाइन देतात किंवा दुसरा मार्ग निवडतात. दम्याचा त्रास, आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, थायरॉइड, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, हे सगळं आधी सांगा. आणि स्कॅन आहे म्हणून आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता पहाटेची एसटी पकडून नाशिकला येणं, हे किडनीच्या दृष्टीने अगदी उलटं काम आहे. पाणी कधीपर्यंत चालेल ते फोन करून विचारून घ्या.

किरणांचाही हिशोब आहे. पोटाच्या सीटीच्या एका फेरीला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, आणि कॉन्ट्रास्ट सीटीत दोन-तीन फेऱ्या होतात. डीटीपीएला एक-दोन मिलिसिव्हर्ट पुरतात. तुलनेसाठी, निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. "न्यूक्लिअर" शब्द ऐकून लोक डीटीपीएला घाबरतात आणि सीटीला बिनधास्त जातात. इथे गणित उलटं आहे. म्हणूनच फक्त स्प्लिट फंक्शनसाठी मुद्दाम सीटी काढणं शहाणपणाचं नाही. दुसऱ्या कारणाने काढायचाच आहे, तर त्यातूनच हा आकडा काढून घेणं शहाणपणाचं. लहान मुलांच्या बाबतीत तर हा मुद्दा जास्तच कडक. जन्मतः मूत्रवाहिनीचं तोंड अरुंद असलेल्या बाळांना सोनोग्राफी आणि रेनोग्रामवरच ठेवतात.

उलट काही ठिकाणी सीटी सरस ठरतं. घोड्याच्या नालासारख्या जोडलेल्या किडन्या किंवा ओटीपोटात राहिलेली किडनी गामा कॅमेऱ्याला पाठीमागून नीट मोजता येत नाही. सीटीत ती जिथे आहे तिथे दिसते. गाठीसाठी किडनीचा काही भागच काढायचा असेल, तर मागे किती काम करणारा भाग उरेल याचा अंदाजही सीटीवरून आधीच घेता येतो.

"किडनी काढावी लागेल" असं सांगितलं तर

साधारणपणे एखाद्या किडनीचा वाटा १० टक्क्यांच्या खाली गेला आणि ती वारंवार दुखते, पू होतो किंवा रक्तदाब वाढवते, तर ती काढण्याचा सल्ला देतात. १० ते २० च्या मधलं क्षेत्र चर्चेचं. वय किती, दुसरी किडनी कशी, मधुमेह आहे का, यावर ते ठरतं. दुसरीही अर्धवट असेल तर पहिलीचे १२ टक्केही सोन्यासारखे.

पण तुंबलेल्या किडनीची मोजणी कधी केली, हे इथे सर्वांत महत्त्वाचं. खड्याने तुंबलेली किडनी दाबाखाली असते आणि दाबाखाली ती काम कमी करते. त्या अवस्थेत १२ टक्के आले म्हणजे ती कायमची १२ टक्क्यांची झाली असं नाही. म्हणून आधी वाट मोकळी करतात. एकतर लघवीच्या मार्गातून डीजे स्टेंट नावाची नळी घालतात, किंवा पाठीतून थेट किडनीत नळी टाकून लघवी पिशवीत काढतात, तिला पीसीएन म्हणतात. चार-सहा आठवडे दाब उतरू देतात आणि मग पुन्हा मोजतात. कधी आकडा तिथेच राहतो, कधी चांगला वर येतो. तो येईपर्यंत किडनी काढण्याची घाई, ताप-पू असा तातडीचा प्रसंग सोडला तर, सहसा नसते. कोणी न मोजता, किंवा तुंबलेल्या अवस्थेतल्या एकाच मोजणीवर तारीख द्यायला निघालं, तर दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि डीजे स्टेंट घातला असेल तर तो काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. दुखणं थांबलं, कांद्याचं काम निघालं आणि स्टेंट आत राहून गेला, असं होऊ शकतं. विसरलेल्या स्टेंटवरच खडे साचतात आणि वाचवलेली किडनी पुन्हा तुंबते.

स्कॅनला जाताना, आणि आल्यावर

मुतखड्यासाठी बहुतेक वेळा साधा सीटी काढतात, विनाकॉन्ट्रास्ट. खडा शोधायला तो उत्तम, पण त्यात आयोडीन नसल्यामुळे किडनी काय गाळते हे त्यातून कळत नाही. फार तर आकार आणि मांसल भागाची जाडी कळते. रिपोर्टमध्ये "पॅरेन्कायमल थिनिंग" असं दिसलं तर त्याचा अर्थ हा मांसल भाग पातळ झालाय, एवढाच. "सीटी झालाय" असं नुसतं सांगू नका, कोणता झालाय ते सांगा. कॉन्ट्रास्ट सीटी ठरला असेल तर रेडिओलॉजिस्टला दोन्ही किडन्यांचा आकार आणि स्प्लिट फंक्शनचा अंदाज रिपोर्टमध्ये द्याल का, असं आधीच विचारा. आपणहून तो सगळीकडे लिहीत नाहीत.

येताना फिल्मसोबत सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डेटा मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात आणि चित्रावरून एचयू मोजता येत नाही. सीडीत मात्र प्रत्येक चकतीचे सगळे आकडे असतात. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरला मोजणी करायची झाली तर ती त्याच सीडीवरून, पुन्हा सुई न टोचता करता येते. ती रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, घडी करू नका.